पाव तासाचं माहेर

धुळ्याहून जळगाव किती लांब, हे मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी सांगितलं आणि प्रत्येकानं आपल्या सोयीचं सांगितलं. लग्न जमवणारा मध्यस्थ म्हणाला, मधे एक मुक्काम पडतो, बस. सासरे म्हणत अठ्ठावीस कोस, आणि असं म्हणत की जणू ते कोस त्यांनी स्वतः मधे आणून टाकलेत. नवऱ्याला विचारलं तर तो बैलाच्या वशिंडाकडं बघत म्हणायचा, "आहे बरंच." आणि लढाईच्या दिवसांत धाकट्या दिरानं येऊन सांगितलं, पाव तास.

ही सगळी माणसं आता मेली. जिवंत असती तरी मी हे लिहिलंच असतं. भांडण तेवढं जास्त झालं असतं.

माझं माहेर जळगावच्या पुढं, असोद्याच्या शिवेला लागून. सासर धुळ्याजवळ, पांझरेच्या काठी. सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणे, म्हणून मीही नाना म्हणायची. नानांचा धंदा गाडीवानीचा. शेत होतं, पण जीव शेतात नव्हता, बैलांत होता. खेड्याखेड्यातला कापूस गाडीत भरून धुळ्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, नेऊन टाकायचा, हे त्यांच्या बापापासून चाललेलं काम. पुढं लॉऱ्या आल्या आणि कापूस लॉरीत बसून जायला लागला. गावात पहिली लॉरी आली त्या दिवशी नाना जेवले नाहीत, असं घरात कौतुकानं सांगत. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसलं नाही. एका माणसाची भाकरी वाचली, एवढंच.

त्या दिवसापासून नानांचा नियम: आपल्या घरातलं माणूस मोटारीत बसणार नाही आणि आगगाडीतही बसणार नाही. स्वतःपुरता ठेवला असता तर माझी काही हरकत नव्हती. पण त्यांनी तो माझ्या माहेरालाही लावला.

आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. इतर सणांचं एक वेळ चालेल, पण आखाजीला खानदेशातली पोर सासरी राहिली तर लोक विचारतात, हिच्या माहेरी कुणी उरलं नाही का? तिला आणायला बाप नाहीतर भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. नानांच्या गावात रीत अशी की मुराळी दारात आला की आधी त्याच्या बैलांचे पाय धुवायचे, त्यांना गूळ-पिठाचे गोळे चारायचे, मग माणसाला पाणी. बैलांवरून गाव माहेराची किंमत करतं. रीत वाईट नाही. पण नानांनी ती उलटी करून धरली. बैल नाहीत तर धुवायचे कुणाचे पाय? आणि पाय धुतले नाहीत तर तो मुराळी कसला? आणि मुराळी आला नाही तर सून धाडायची कशी?

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आबा, म्हणजे माझे वडील, स्वतः गाडी घेऊन आले होते. तेव्हा आमच्याकडं ज्वारी आणि कापूस. उन्हाळ्यात बैल रिकामे असायचे. दुसऱ्या वर्षी आबांनी विहीर खोल केली आणि केळी लावली. केळी म्हणजे चैत्र-वैशाखात पाण्यावाचून दोन दिवस राहत नाही. बैल सकाळपासून मोटेला. जाऊन-येऊन सहा दिवस बैल सोडायचे म्हणजे उभी बाग उन्हात मारायची. म्हणून आबांनी भावाला पाठवलं, आगगाडीनं.

भाऊ चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला उतरला आणि तिथून चालत आला. नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याला चांगलं ओळखलं होतं.

"कोन शे तू?"

"नाना, मी तुमच्या सुनेचा भाऊ. आखाजीसाठी न्यायला आलो."

"बैल कठे शेतस?"

"आगगाडीनं आलो. चाळीसगावला बदलून."

"मंग आगगाडीले गूळ चार. तठे टेसनवर उभी व्हई."

ओट्यावर दोन-तीन म्हातारे होते, ते हसले. भाऊ तरुण, तो उभाच धुळीचे पाय झटकत राहिला. त्याला जेवायला घातलं, नाही असं नाही. सकाळी उठला आणि आला तसा चालता झाला. जाताना मला विहिरीवर गाठून म्हणाला, "अक्का, आबा मोटंचे बैल सोडत नाई. मोट बंद ठेवली त केळी जळून जाईन."

मी म्हटलं, "आबांना सांग, केळीची आखाजी चांगली करा."

त्याला ते लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. केळीला पाणी पाहिजे हे मला समजत होतं. शेतकऱ्याची पोर आहे मी. पण केळीला रोज पाणी आणि लेकीला वर्षाचा एक दिवस नाही, हा हिशेब मला कुणी समजावून सांगितला नाही.

पुढच्या वर्षी भाऊ पुन्हा आला, पुन्हा तसाच गेला. तिसऱ्या वर्षी आलाच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझं सासरी झालं, कारण बैल आले नाहीत. मुलगी झाली. जळगावला निरोप गेला, तिकडून बारशाचं लुगडं-झबलं आलं, तेही दुसऱ्या कुणाच्या हाती. आबा म्हणत, "मी कोण्या गाडीवानाच्या मिजाशीसाठी बाग मारणार नाही." नाना म्हणत, "ज्याले बैल सोडता येत नाही त्याले लेक काय कामनी?" दोघांचे निरोप येणारे-जाणारे लोक मला आणून सांगत आणि माझ्या तोंडाकडं बघत बसत. मी तोंड हलवलं नाही. सात आखाज्या गेल्या. मुलगी चार वर्षांची झाली आणि माझ्या मायनं तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

नवरा काय करत होता, असं आताच्या बायका विचारतात. नवरा नानांची गाडी हाकत होता.

मग ती लढाई आली, दुसऱ्या महायुद्धाची. धाकटा दीर घरातून भांडून निघून गेला आणि नाशिकच्या बाजूला कुठंतरी विमानांच्या तळावर कामाला लागला. आखाजीच्या तोंडावर रजा घेऊन आला तो खाकी चड्डी, पायात बूट आणि गळ्यापर्यंत बढाई घेऊन. संध्याकाळी ओट्यावर माणसं गोळा झाली. त्या दिवसांत आमच्यावरून विमानं जात, कोंबड्या खुराड्यात पळत आणि पोरं छपरावर चढत. ज्यानं विमान जवळून पाहिलंय असा माणूस गावात हा एकटाच.

"धुळ्यावरून उडालं," दीर सांगत होता, "की ही पांझरा, ही बोरी, ही गिरणा. तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत जळगाव. पाव तास! पुरता पाव तासही नाही."

"पाव तासमा जळगाव!" म्हातारे मान हलवत होते. "नद्या आडव्या येतस ना?" नाना म्हणाले.

"वरून जातं ते, नाना. नद्या खाली राहतात."

"नि तू बसना का त्यामा?" एकानं विचारलं.

दीर थोडा अडला. "बसलो नाही. पण रोज धुतो. पंखे पुसतो."

म्हणजे बैल धुणाऱ्याच्या पोरानं विमान धुतलं, एवढीच प्रगती. पण नाना खूश होते. आगगाडीचं नाव काढलं तर थुंकणारा माणूस, विमानाचं ऐकून मांडीवर थाप मारत होता. विमानानं अजून त्यांच्या गाडीतला कापूस पळवला नव्हता, म्हणून असेल. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्यांनी मला पाहिलं आणि आवाज चढवून म्हणाले, "झाय मंग! आते सुनना बापले सांगा, इमान लई ये. इमान उनं ते मी स्वता सुनले बसाडसू. बैलबी नको माले!"

विमान आलं तर सुनेला स्वतः बसवून देणार! सगळा ओटा हसला. दीर हसला. नवराही हसला, खाली मान घालून. ते मी पाहिलं.

मी म्हणाले, "नाना, तुमचा मुलगा विमान पुसतो, बसत नाही. ह्या घरातलं कुणीच कशात बसत नाही. नुसते ओट्यावर बसतात."

हसणं बंद झालं. नाना म्हणाले, "सुननी जीभ शे का वखरनी पास?" वखराची पास म्हणजे माती कापणारं लोखंडी पातं. मी तांब्या ओट्यावर ठेवला. आदळला म्हणा. आत गेले.

रात्री नवऱ्याला सांगितलं, "मी उद्या जळगावला जाते. पोरीला मायला दाखवून, आखाजी करून येते."

तो "हूं" म्हणाला. त्यानं ऐकलं की नाही, कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी सांगितलं होतं, माझं काम झालं. शेंगा फोडायला जायची त्या रोजाचे पैसे गाठीला होते. नाना आणि तो गाडी घेऊन शिवारात गेल्यावर मी पोरीला कडेवर घेतलं, धुळ्याला चालत गेले आणि मोटारीत बसले.

त्या मोटारीला पेट्रोल नव्हतं. लढाईत पेट्रोल मिळत नसे, म्हणून मागं कोळशाची टाकी बसवलेली. तिच्या धुरावर मोटार चाले. चाले म्हणजे सपाटीला चाले. चढ आला की क्लीनर ओरडे, "उतरा, उतरा!" आणि पुरुष उतरून ढकलत. पारोळ्याच्या अलीकडं ती बंद पडली. क्लीनर पंख्याचा दांडा फिरवून कोळसा फुलवत बसला आणि आम्ही बाभळीच्या सावलीत. शेजारच्या बाईनं माझ्यामागं, पुढं, इकडं-तिकडं पाहिलं.

"मुराळी कोण आहे तुमच्याबरोबर?"

"ही," मी कडेवरची पोर दाखवली.

ती बाई सरकून बसली.

जळगावला उतरून चालत आमच्या गावाशी पोचले तेव्हा ऊन कललं होतं आणि आम्ही दोघी मायलेकी काजळीनं काळ्या झालो होतो. गावातून सरळ जाण्याऐवजी मी केळीच्या बांधानं गेले. कुणाला चुकवायचं नव्हतं, तो रस्ता जवळचा म्हणून. पण त्या जवळच्या रस्त्यानं पुढचं सगळं ठरवलं. मला गावात कुणी पाहिलं नाही.

माय गोठ्यात शेणात हात घालून होती. तिनं मला ओळखलं, पण आधी माझ्यामागं पाहिलं. त्या मोटारीतल्या बाईसारखंच.

"कोनं आनलं तुले?"

"मोटारीनं आले."

"मोटार काय मुराळी असती का? जावई कुठी हायेत?"

"घरी. मी एकटी आले."

तिनं शेणाचाच हात कपाळाला लावला. "टाकलं! टाकलं का वं तुले त्यायनं?"

टाकलं नाही, मी माझी आले, हे समजावायला मला फार वेळ लागला. तिला ते खोटंच वाटत होतं. नवऱ्यानं टाकलेली बाई तिला माहीत होती, विधवा माहीत होती. आपल्या पायानं आखाजीला आलेली लेक तिनं पाहिलेली नव्हती. पोरीला मात्र तिनं घेतलं. धुतलं, तेल लावलं, मांडीवर बसवून केळं सोलून भरवलं. पोर तिच्याकडं अशी गेली की जणू रोजची ओळख. मी बाजूला बसून भाकरी खाल्ली. एवढ्यासाठी आले होते आणि एवढं तासभर मिळालं.

मग आबा आणि भाऊ मळ्यातून आले.

धाकट्या बहिणीला बघायला दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. हे मला कुणी कळवलं नव्हतं. चांगलं घर, चाळीस एकरांचं. आबांनी मला पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला तो मला नव्हे, मायला. "गावात कोनं पाह्यलं?"

"बांधानं आली. कोनं नाई."

आबा खाटेवर बसले. "उद्या सोयरे आले अन् घरात ही बसलेली. कधी आली, कोनं आनली, कधी जाईन? काय सांगू? मोठी माघारी आली म्हनल्यावर धाकटीले कोन करीन?"

"माघारी आलेली नाही मी. आखाजीला आलेय. आखाजी झाली की जाईन."

"गाडीवानानं तुले परत घरात घेतली नाई त?"

"तो तुमच्या बैलांची वाट बघतोय. सात वर्षं बघतोय. तुम्ही नेले असते तर मला कोळशाच्या मोटारीत बसावं लागलं नसतं."

"तोंड पाहा हिचं," आबा मायला म्हणाले. "सासरी हेच शिकली."

"हे इथूनच नेलं होतं," मी म्हटलं.

मला वाटलं होतं माय काहीतरी बोलेल. ती पोरीच्या केसातून फणी फिरवत होती. फणी न थांबवता म्हणाली, "जाय बाई उद्या. धाकटीचं जमू दे. तुहं त झालंय ना सगळं."

माझं झालं होतं सगळं. तिच्याशी बोलण्यासारखं मला त्यानंतर फारसं उरलंच नाही.

भाऊ म्हणाला, सकाळच्या आगगाडीनं मी पोचवून येतो. आबांनी गोठ्यातल्या बैलांकडं पाहिलं. मग म्हणाले, "आगगाडीनं नाई. गाडी जुंपू."

"अन् मोट?" भाऊ म्हणाला.

"राहू दे मोट."

सात वर्षं जे बैल लेकीला आणायला सुटले नाहीत ते तिला परत पोचवायला एका शब्दात सुटले. केळी तीच, ऊन तेच, वैशाखही तोच. फक्त ह्या वेळी प्रश्न आबांच्या अब्रूचा होता.

सकाळी मला नवं लुगडं नेसवलं. मायनं खण-नारळानं ओटी भरली. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, गाडीवर चादरीचं छत. उजाडल्यावर, गाव पाण्याला निघालं असताना, मुद्दाम पुढच्या दारानं आणि भर गल्लीतून मला काढलं. म्हणजे लोकांना वाटावं, लेक आठ-दहा दिवस राहून वाजतगाजत परत चालली. बायका दारात येऊन म्हणाल्या, "अगं, आलती कधी? दिसली नाई!" माय म्हणाली, "घरातच होती, पोरीले बरं नव्हतं." शिवेवर बहिणीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांची गाडी समोरून आली. त्यांच्यातला म्हातारा थांबला. "आखाजीच्या आधीच लेक लावून देता?" आबांनी हात जोडले. "काय करता, व्याह्यांचा निरोप आला. त्यांचं पान हलत नाई तिच्यावाचून. घरी पोरगा हाये, तुमचं सारं तो पाहीन." म्हाताऱ्यानं बैलांकडं पाहिलं, माझ्या लुगड्याकडं पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. बहिणीचं लग्न त्याच घरात झालं. ती तिथं सुखी होती असं म्हणतात.

धुळ्यापर्यंत आबा, मी आणि पोर गाडीत होतो, दोन मुक्काम करून. आखाजी वाटेतच झाली. एरंडोलच्या पुढं एका खेड्यात लिंबाला झोके बांधलेले, पोरी उंच जात होत्या, गात होत्या. माझी पोर उतरायचं म्हणून रडली. आबा म्हणाले, "घे तिले, झोका दे." मी म्हटलं, "हाका तुम्ही." त्यांनी हाकली.

पारोळ्याच्या विहिरीवर बैल सोडले तेव्हा त्यांनी चिलीम भरली आणि म्हणाले, "लांब दिली तुले. मध्यस्थानं सांगतलं होतं, एक मुक्काम."

"तुम्ही विचारायचं होतं कुणाला."

"लगन काय कोस मोजून करतात?"

"केळी मोजून लावता ना."

"केळीनं तुहं लगन झालं नाई, कापसानं झालं," आबा म्हणाले. "केळीवर तुह्या बहिनीचं होईन. माह्यावर राग धर, बागेवर धरू नको."

"बागेवर नाहीच," मी म्हटलं.

त्यांनी चिलीम विझवली. डावा बैल पुढचा पाय टेकवत नव्हता. मोटेच्या धावेवर, विहिरीपुढच्या त्या मऊ उतरणीवर, चालायची सवय, सडकेच्या खडीनं खूर दुखावला होता. आबांनी आपल्या धोतराची पट्टी फाडून त्याला बांधली. बैलाशी ते फार हळू बोलत. मी गाडीत बसून ऐकत होते. इतकं हळू ते माझ्याशी कधी बोलल्याचं मला आठवेना.

इकडं नानांनी काय केलं होतं, ते मला पोचल्यावर शेजारणीकडून कळलं. मी गेले त्या संध्याकाळी गावानं विचारलं, सून कुठं आहे? नाना म्हणाले, "तिना बाप उना नि लई गया. तुम्ही बठ्ठा शिवारमा व्हतात." सगळे शेतात होते तेव्हा तिचा बाप येऊन घेऊन गेला! म्हणजे तिकडं मी आठ दिवस माहेरी राहिलेली आणि इकडं बापानं नेलेली. दोन म्हाताऱ्यांची गाठ नाही, निरोप नाही, आणि दोघांनी मिळून एक खोटं बरोबर अर्धं-अर्धं वाटून घेतलेलं.

आमची गाडी दारात आली तेव्हा ओटा भरलेला होता. घुंगरांचा आवाज ऐकून नाना उठले. माणसासाठी उठताना मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. घंगाळ घेऊन स्वतः खाली आले, माझ्याकडं बघितलंही नाही, सरळ बैलांच्या पुढ्यात बसले आणि पाय धुवायला लागले. पट्टी सोडली, खूर उचलून पाहिला.

"डावा दुखावलाय," आबा म्हणाले.

"हयद लावूत. रातभरमा उतरी," नाना म्हणाले, "हाऊ कोनता गोऱ्हा? घरना का?"

"घरचाच."

"खांदा झकास शे."

झालं. सात वर्षांचं वैर तिथं संपलं. दोघं एका खाटेवर बसले आणि बैलांचं बोलत राहिले. ओट्यावरच्या एकानं विचारलं, "व्याही, त्या दिवशी कवा उनात न् कवा गयात? कोनले दिसनात नही." आबा क्षणभर नानांकडं पाहत राहिले. नानांनी पापणी न हलवता सांगितलं, "सकायना पारे. मी व्हतू ना समोर." आबा म्हणाले, "हो, भल्या सकाळी. घाईत होतो."

मी दारात उभी होते, पोर झोपलेली खांद्यावर. कानामागं माझं अंग अजून त्या कोळशाच्या मोटारीनं काळं होतं. तिथलं निघालं नव्हतं. मी एकटी गेले, माझ्या पैशांनी गेले, हे त्या दोघांनी माझ्यासमोर पुसून टाकलं आणि एकमेकांना तंबाखू दिली. पुढं ती गोष्ट कुणी कधी काढली नाही. दोन्ही गावांत आजही कुणाला माहीत नाही.

जेवताना नाना रंगात आले. "आते बैल उनात, ते लई जा सुनले आठ दिन. माना नियम मोडत नही. काय?"

माझा वाढता हात थांबला, हे मी कबूल करते.

आबांनी ताटाकडं पाहिलं. "पुढच्या साली. घरी मोट बंद आहे, बाग वाळत असेल."

"पुढला सालले," नाना म्हणाले आणि त्यांना अजून एक पोळी वाढायला सांगितली. मी वाढली.

सकाळी बैलाच्या पायाची सूज उतरली होती. आबांनी गाडी जुंपली. लांब जाणाऱ्या पाहुण्याबरोबर घरची सून भाकऱ्या, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून देते. नाही दिलं असं होत नाही. नाना गाडीशी उभे राहून बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यांनी आत हाक मारली, "सून, व्याहीनी भाकर बांधी का?"

मी दारात आले. "पीठ सरलं."

माझ्या मागं भिंतीशी पिठाची डेग होती, उघडी, काठापर्यंत भरलेली. सकाळीच दळलं होतं. जात्याचा आवाज दोघांनी ऐकला होता. आबांनी डेगेकडं पाहिलं. नानांनीही पाहिलं. मी दारातून हलले नाही.

नाना खाकरले. आबांनी कासरा उचलला.

"असू दे," ते म्हणाले, "वाटेत मिळीन काही," आणि गाडी हाकली.